घरपोच सही

माझी आई सरपंच होती, हे वाक्य मी कुठे कुठे वापरलं ते आता आठवतही नाही. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत वापरलं, पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत वापरलं. ऑकलंडला आल्यावर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तर हमखास. तिथे पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारून होतं आणि मग समोरच्या बाईचं हसू जरा आखडतं. मी आडनावापाठोपाठ लगेच ते वाक्य टाकायचे. हसू परत सैल व्हायचं.

वाक्य खोटं नव्हतं. मराठवाड्यातल्या आमच्या गावचं सरपंचपद एका वर्षी आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघालं. आई पाच वर्षं सरपंच होती. तोवर ती दुसऱ्यांच्या रानात रोजाने जात होती, आणि सरपंच झाल्यावरही जात होती. मी घरातली पहिली पदवीधर. त्याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

वाक्याच्या पुढचं मात्र मी कुणाला सांगत नसे. आई सरपंच असताना ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसली नाही. बैठक व्हायची उपसरपंचाच्या ओसरीवर. "बाईला कशाला तरास, रजिस्टर घरीच पाठवू," असं तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पंचायतीचा म्हातारा शिपाई सायकलवरून आमच्या वस्तीत यायचा. आमच्या घरचं पाणी प्यायचा नाही, दाराबाहेर उभा राहायचा. आई पिठाचे हात लुगड्याला पुसून उंबऱ्यात बसायची, रजिस्टर मांडीवर घ्यायची आणि तो बोट ठेवेल तिथे सही करायची. सही मीच शिकवली होती, दिवाळीच्या सुट्टीत, पंधरा दिवस रोज वहीचं एक पान. वस्तीला मंजूर झालेला हापसा गावाच्या वरच्या अंगाला न्यायचा ठरावही असाच उंबऱ्यात सही होऊन गेला. त्या दिवशी मी घरी होते, परीक्षेचा अभ्यास करत होते. ठराव कसला आहे ते मी पाहिलं नाही. सहीतलं शेवटचं अक्षर यावेळी सरळ आलं, एवढंच पाहिलं आणि मला आनंद झाला. पुढे आई त्याच हापशावर घागर घेऊन जायची आणि वरच्या बायकांचं भरून होईपर्यंत बाजूला उभी राहायची. सरपंच होती तेव्हाही.

एवढं सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यातून आलं.

दोन हजार दहा सालानंतरची पाच-सहा वर्षं मी ऑकलंडच्या अल्बनी भागात एका छोट्या सल्लागार कंपनीत कामाला होते. दहा-बारा माणसं, दुकानांच्या रांगेवर वरच्या मजल्यावर ऑफिस, खाली एक डेअरी, म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. परदेशी मदतीच्या प्रकल्पांचे फॉर्म आणि डेटाबेस तयार करायचे, हे माझं काम. आमचा प्रमुख साठीचा गोरा माणूस होता, मनाने चांगला. उन्हाळ्यात शुक्रवारी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून यायचा आणि प्रत्येक ईमेलची सुरुवात 'किया ओरा' अशा माओरी नमस्काराने करायचा.

त्याने एक दिवस एका बाईंना ऑफिसात आणलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या महिला खात्यातल्या अधिकारी. देशाचं नाव लिहीत नाही. त्या अजून तिथेच राहतात. त्यांचं सरकार एक धोरण आणत होतं. गावोगावच्या जमीन समित्यांवर नऊ जणांत तीन बायका असल्याच पाहिजेत, आणि त्या तिघी हजर असल्याशिवाय विधवेच्या जमिनीचा कुठलाही निर्णय करायचा नाही. कागदावर ते झालं होतं. अंमलबजावणी कशी करायची, ती झाली की नाही हे कसं मोजायचं, तो भाग लिहायला त्या पाच महिने आमच्याकडे आल्या होत्या.

मी त्यांना मॅडम म्हणू लागले. दोन दिवसांत त्यांनी हात जोडले. "मॅडम माझ्या मिनिस्टरची बायको. मला दुसरं काहीतरी म्हण." मग मी ताई म्हणाले. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो इतका आवडला की ऑफिसातल्या सगळ्यांना त्यांनी ताई म्हणायला लावलं. आमचा प्रमुख 'टायी' म्हणायचा. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण माझ्या मनातलं अहो-जाहो पहिल्याच महिन्यात गळून गेलं.

ताईला गाडी चालवता येत नव्हती. रविवारी मी तिला अवोन्डेलच्या बाजाराला न्यायचे. तिथे तिला तिच्याकडची पालेभाजी मिळायची, मला मेथी. भाव करण्यात ती आमच्या आठवडी बाजारातल्या बायकांना हरवेल अशी होती. "या वांग्याला विमानाचं तिकीट लावलंय का?" ती एका भाजीवाल्याला म्हणाली. तो म्हणाला, "नाही, त्याचं शिक्षण परदेशात झालंय." दोघंही खूप हसले, आणि त्याने वांगी तिला तिच्या भावात दिली.

एकदा माझी मुलगी बरोबर होती, सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिने मागच्या सीटवरून ताईला विचारलं, "तू तुझ्या देशातल्या सगळ्या बायकांची बॉस आहेस?"

"नाही गं," ताई म्हणाली, "मी त्यांची टायपिस्ट."

"किती बायका आहेत?"

"हीप्स," ताई म्हणाली, ढीगभर या अर्थाचा तिथल्या मुलांचा शब्द, आणि मुलगी खूश झाली.

मुलगी आइसक्रीम खाण्यात गुंतली तेव्हा ताईने तिच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. आईवडील लवकर गेले. या बहिणीने शाळा सोडून ताईला शिकवलं. तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या आणि नवरा वारला. नदीकाठी एक शेत, मक्याचं आणि केळीचं. त्यावर तिघींचं पोट. दीर दरवर्षी बांध कोरत होता. आधी नांगराचं एक तास, मग दोन. आता म्हणत होता की भावाचं शेत भावाचंच, बाई परक्या घरची.

"मिनिस्टरला मी सांगते की हे धोरण देशासाठी आहे," ताई म्हणाली. "तुला खरं सांगते. ते एका शेतासाठी आहे."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. तिच्यासारखीच मीही घरातली पहिली शिकलेली. पण माझ्यासाठी शाळा सोडणारं कुणी नव्हतं. माझ्या आईने शाळाच पाहिली नव्हती. हे मी तिला सांगितलं, आणि मग माझं ते वाक्य सांगितलं.

ताईने माझा दंड धरला. "सरपंच? म्हणजे गावाची मुख्य? राखीव जागेवरून?"

"हो. पाच वर्षं."

"बघ," ती म्हणाली, "म्हणजे होतं."

तिने दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. चहाच्या वेळी लोक येऊन माझ्या आईबद्दल विचारू लागले. मी सांगत गेले. आईच्या कारकिर्दीत वस्तीत दोन दिवे लागले होते, ते सांगितलं. हापशाचं सांगितलं नाही.

मग ती बैठक झाली. मोठ्या टेबलाभोवती आम्ही चौघं, प्रमुख पांढऱ्या फळ्यासमोर मार्कर घेऊन उभा. प्रश्न असा होता की समितीच्या बैठकीला तिन्ही बायका खरंच आल्या होत्या, हे कसं पडताळायचं? ताईचं म्हणणं, प्रत्येक तालुक्याला एक बाई निरीक्षक नेमायची, तिने अचानक जाऊन बैठकीत बसायचं. प्रमुख म्हणाला की एवढ्या गाड्या, एवढी माणसं कुणी देणार नाही. मदत देणारे पहिल्याच वाचनात ते काटतील. बैठकीच्या अहवालावर सदस्यांच्या सह्या घ्यायच्या, फॉर्म दुहेरी ठेवायचा, कार्बनची प्रत आपल्याकडे. साधं आहे.

ताईला ते पटत नव्हतं. "बाई घरी आणि सही कागदावर, असं झालं तर?"

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तुमच्याकडे हे आधी झालंय. तुझ्या आईच्या वेळी कसं पाहायचे?"

मला तो क्षण नीट आठवतो. फळ्यावर निळ्या मार्करने 'पडताळणी' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, आदराने. न्यूझीलंडला येऊन तीन वर्षं झाली होती, आणि कुठल्या बैठकीत कुणी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. आमच्या लोकांनी तर नाहीच.

"रजिस्टरवर सही असते," मी म्हणाले. "माझ्या आईची पाच वर्षांतल्या प्रत्येक बैठकीच्या रजिस्टरवर सही आहे. एकही चुकलेली नाही."

शब्दाला शब्द खरं होतं ते.

"स्वीट ॲज," एकदम झकास अशा सुरात प्रमुख म्हणाला आणि प्रश्नचिन्ह पुसून त्याने 'सही' लिहिलं. ताई थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "ठीक आहे. तुझी आई म्हणते म्हणजे ठीक."

फॉर्म मीच तयार केला. खाली नऊ ओळी, त्यातल्या तीन बायकांसाठी, जरा जाड रेघेत.

ताई परत गेली. तिने लिहिलेलं धोरण मंत्रिमंडळात मंजूर झालं, तेव्हा तिने फोनवरून अक्षरशः आरोळी ठोकली. बहिणीला तिने गावच्या समितीवर बसवलं होतं. "आता दीर काय करतो बघू. ती स्वतःच टेबलाच्या त्या बाजूला आहे."

पहिली दोन वर्षं नोंदी आमच्याकडे व्हायच्या. दर तीन महिन्यांनी कार्बन प्रतींचे गठ्ठे कुरिअरने यायचे. पहिला गठ्ठा मीच उघडला. सह्या सगळ्या होत्या. पुरुषांच्या, आणि खाली जाड रेघेत बायकांच्या. प्रमुख माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "तिन्ही? सगळीकडे?" त्याला भरून आलं होतं. त्याने सगळ्यांसाठी केक मागवला.

मी ते कागद चाळत होते. पुरुषांच्या सह्या सपाट, टेबलावर केल्यासारख्या. बायकांच्या सह्यांच्या जागी कागदाला भोकं पडली होती. पेनचं टोक आरपार गेलं होतं. कागदाखाली काही कडक नसलं, कागद मांडीवर असला, की असं होतं. एका प्रतीच्या कोपऱ्यात तेलकट अंगठा उठला होता.

मला त्याच मिनिटाला कळलं. दुसरं कुणी त्या ऑफिसात ते ओळखू शकलं नसतं. मी केकचा तुकडा घेतला आणि नोंदी भरायला बसले. तिन्ही बायका हजर. होय, होय, होय.

का बोलले नाही? मी स्वतःला तेव्हा सांगितलं की सुरुवात आहे, हळूहळू येतील बायका बैठकीला. आता एवढंच म्हणते की बोलले असते तर आईबद्दल बोलावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला. तिच्याकडे नुकतं उजाडलं होतं. नेहमीची आरोळी नव्हती.

"एक फॉर्म काढून बघशील?" तिने गावाचं नाव आणि महिना सांगितला. "शेत दिराच्या नावावर झालंय. समितीने एकमताने दिलं म्हणतात. तिन्ही बायकांच्या सह्या आहेत म्हणतात. गावातली प्रत मला कुणी दाखवत नाही. माझी बहीण समितीवर आहे, ती अशी सही करेल का? कुणीतरी खोटी केली असणार. तू फक्त बघ आणि मला सांग की ती खोटी आहे."

मी फोन टेबलावर ठेवला आणि गठ्ठा काढला. ताईच्या बहिणीच्या आधीच्या बैठकांचे फॉर्म शेजारी मांडले. सही तिचीच होती. दर महिन्यासारखी. पहिलं अक्षर मोठं, बाकीची उतरत गेलेली, आणि कागदाला दोन भोकं.

"ताई," मी म्हणाले, "सही तिची आहे."

 मग ती म्हणाली, "फॉर्म तिच्याकडे दीरच घेऊन येतो. समितीचा चिटणीस तोच आहे. दर महिन्याला आणतो, ती चुलीपुढे बसलेली असते, करते सही. हे मला काल कळलं. तरी वाटत होतं, ही एक तरी खोटी असेल." तिचा आवाज चढला. "एक बैठक तिने पाहिलेली नाही. कुठे होते तेसुद्धा तिला माहीत नाही!"

तेव्हा मी सांगितलं. ऑफिसात बाकीचे होते, मी इंग्रजीत बोलत होते, सगळे ऐकत होते. मी सांगितलं की माझी आई कचेरीत कधी बसली नाही. रजिस्टर उंबऱ्यात यायचं. वस्तीचा हापसा तिच्याच सहीने गेला.

"हे मला त्या दिवशी सांगायचं होतंस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?" ती म्हणाली. "त्या गोऱ्याची वाटली असती तर समजलं असतं. माझी कसली लाज?"

 तीच पुढे म्हणाली, "आमच्याकडे असं होणार ते मला माहीत होतं गं. म्हणून तर विचारलं. तू म्हणालीस की सही पुरली. मला वाटलं, कुठेतरी तरी झालंय."

त्या रविवारी मी आईला गावी फोन केला.

"माय, हापश्याच्या ठरावावर सही केलीस तेव्हा तुला ठाव नव्हतं का गं, कशावर करायलीस ते?"

"ठाव नसाया काय झालं? शिपायानं सांगितलं व्हतं, हापसा वर चाललाय म्हणून."

"मग केलीस कशाला?"

"आता कशाला इचारायलीस हे? इतक्या वर्सांनी?" मग म्हणाली, "तू सही करायला शिकविलीस, मी केली. न्हाई करायची असली तर काय लिव्हायचं, ते कुठं शिकविलं व्हतंस?"

रागाने नाही म्हणाली. नातीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं आणि फोन ठेवला.

मी ताईला लेखी निवेदन देते म्हणाले. फॉर्म मी केलाय, सहीवरून हजेरी सिद्ध होत नाही, हे मी सही-शिक्क्यानिशी लिहून देते, अपिलात लाव. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की अपिलात काय म्हणू? सही खोटी म्हणू तर ती खरी आहे. बैठक खोटी म्हणू तर देशभरातल्या सगळ्या बैठका खोट्या ठरतात. मंत्रालयात निम्मे लोक हेच कुणीतरी म्हणायची वाट बघत बसलेत. दुसऱ्या दिवशी धोरण गुंडाळतील आणि म्हणतील, बघा, बायकांनाच नको होतं. तुझं निवेदन तुझ्याकडेच ठेव. बहिणीला आणि मुलींना मी शहरात माझ्याकडे आणलंय. शेत गेलं.

शेवटी तिने 'ताई' असं लिहिलं नव्हतं. पूर्ण नाव आणि हुद्दा होता.

मी ते निवेदन तरीही प्रमुखापुढे ठेवलं. त्याने दार लावून घेतलं, दोनदा वाचलं. त्याला खरंच वाईट वाटलं, डोळे लाल झाले त्याचे. पण पहिल्या वर्षाचा अहवाल गेला होता, आणि त्यात त्या सह्यांचंच कौतुक होतं. तो म्हणाला, "आता मागचं बदलता येणार नाही. पुढच्या फॉर्ममध्ये काहीतरी सुधारणा कर. तुला माहीत आहे काय लागतं ते."

मला माहीत होतं. सहीच्या शेजारी मी एक रकाना वाढवला. 'ही सदस्य स्वतः बैठकीच्या जागी बसली होती का? होय / नाही.' त्याखाली आणखी एक. 'ती काही बोलली का?' ताईला पाठवला. तिने मंजूर असं एका शब्दात कळवलं. छापून तो गावोगाव गेला.

पुढच्या तिमाहीचा गठ्ठा आला तेव्हा ऑफिसात फार कुणी नव्हतं, शाळांच्या सुट्ट्या चालल्या होत्या. मी सुरी घेतली, टेप कापली आणि एकेक फॉर्म उलटत गेले. स्वतः बसली होती का? होय. काही बोलली का? होय. प्रत्येक फॉर्मवर तिन्ही ओळींना होय, आणि त्या फॉर्मपुरतं एकच अक्षर, एकाच हाताने ओढलेलं.

त्या गावाचा फॉर्म मी शोधला नव्हता, पण तो आला. तिसऱ्या ओळीत ताईच्या बहिणीचं नाव होतं. ती तेव्हा चार महिने शहरात, ताईच्या मागच्या खोलीत राहत होती. बसली होती, होय. बोलली, होय. पुढे सही होती. पहिलं अक्षर मोठं नव्हतं, पुढची उतरली नव्हती, कागदाला भोक नव्हतं. कुणीतरी टेबलावर बसून, सावकाश, छान केली होती.

मी नोंद भरली. होय, होय.